मागून आलेला ट्रक

सगुण,

तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. परवा पेडण्याच्या बाजारात एका ओळखीच्या माणसाने विचारलं, "मास्तर, तुमचो तो सायकलवालो मेव्हणो खंय? हल्ली दिसूक नाय तो." मी म्हटलं, "गावाक गेलोहा." असं का बोललो, कोण जाणे. खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं आणि बाहेर भलतंच पडलं. तुझ्याशी खोटं बोलायची मला बावीस वर्षांची सवय. ती आता तुझ्याविषयी बोलतानाही सुटत नाही असं दिसतं.

तसं तुझ्याशी मी दोनदाच खोटं बोललो. पहिलं तू पकडलं होतंस, हे मला कळलं पोर्तुगालात, आपल्या सायकल सफरीच्या अगदी पहिल्या दिवशी. दुसरं तुला शेवटपर्यंत कळलं नाही. तुझा ट्रक ज्या अर्जामुळे गेला, तो अर्ज मी लिहिला होता. घे, सांगून टाकलं. पण एवढ्यावर थांबलो तर तू म्हणशील, भावजींनी नेहमीसारखं निम्मंच सांगितलं. म्हणून पहिल्यापासून सांगतो, आणि पहिल्यापासून म्हणजे त्या पहिल्या दिवसापासून. तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं आणि हसता हसता पुढचंही सांगून होईल.

त्या सकाळी तू बॅगेतून नारळ काढलास. मी गोव्याहून कपडे आणले, औषधं आणली. तू डिचोलीच्या घरामागच्या माडाचा नारळ आणलास आणि तो विमानतळावर कोणी काढून घेतला नाही याचाच तुला केवढा आनंद. लिंबं तू तिथल्या दुकानातून घेतलीस. भाड्याच्या दोन्ही सायकली फुटपाथला लावून चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलंस. तुझा रोहित लाजून लाल झाला होता. त्याचं तिथे नोकरीचं गाव, ओळखीची माणसं कामावर निघालेली.

"पप्पा, हंय असां कोण करना नाय."

"म्हणानच हंय लोकां पडतत," तू म्हणालास आणि फुटपाथच्या काठावर नारळ फोडलास. पहिल्या फटक्यात दोन शकलं! समोरच्या घरातली एक म्हातारी खिडकीतून सगळं बघत होती. तू सरळ रस्ता ओलांडून गेलास आणि तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवलास. तिने तो हुंगला, खाल्ला, आणि आत जाऊन दोन संत्री आणून तुला दिली. तू तिच्याशी मालवणीत बोलत होतास, ती तिच्या भाषेत, आणि दोघांचं मजेत चाललं होतं. मला वाटलं, दहा दिवस असेच जाणार असतील तर सफर झाली म्हणायची.

निघालो तेव्हा मी पुढे, तू मागे. आपला हा क्रम ठरलेलाच होता. डॉक्टरांनी तुला रक्तात साखर सांगितली, तू जुनी सायकल घेतलीस, आणि एकटं कंटाळा येतो म्हणून मलाही घ्यायला लावलीस. मग दर शनिवारी तू बहिणीकडे, आमच्या तुयेच्या घरी राहायला यायचास, आणि रविवारी सकाळी आपण तुये, मोरजी, मांद्रे करून परत. मोरजीला कासवांची अंडी राखायला कुंपण घालतात तिथे तुझा थांबा हमखास. तीन वर्षांत तू एकदाही माझ्या पुढे गेला नाहीस. मी शोभाला ऐटीत सांगायचो, "तुझो भाव माझ्यापेक्षा धा वर्सांनी ल्हान, पण माका गाठूक येना नाय ताका." शोभा हसायची. तूही हसायचास. मी मूर्ख.

तिथे सगळं उजव्या बाजूने. तू आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस, पाच मिनिटांत सरावलास. मी मात्र प्रत्येक चौकात गोंधळायचो आणि तू मागून ओरडायचास, "भावजी, उजवेक! हात आपलो जेवचो तो!" दुपारी एका छोट्या खाणावळीत बटाट्याचं हिरवं सूप मिळालं. त्यात सॉसेजची चकती तरंगत होती आणि तो सोमवार होता. तू ती चमच्याने अलगद उचलून माझ्या ताटलीत टाकलीस. मालकिणीला वाटलं तुला आवडली नाही, तिने आणखी दोन आणून दिल्या. त्याही मीच खाल्ल्या. पावाचं मात्र तू कौतुक केलंस आणि वर म्हणालास, आमच्या पोदेराचा याहून बरा असतो.

जेवणानंतर तो चढ लागला.

अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना छातीएवढे दगडी गडगे, वरून द्राक्षाचे वेल आलेले. मी पहिल्या वळणावर पोचलो आणि मागून तो आवाज आला. भरलेला ट्रक चढाला लागताना गियर बदलतो तो. सगुण, तुला हे सांगायला नको, पण तुयेला राहायला येण्याआधी डिचोलीच्या खाणपट्ट्यात मी वीस वर्षं सायकलीने शाळेत शिकवायला गेलो. तो आवाज आला की विचार करायचा नाही, उतरायचं, सायकल उचलायची आणि गटारात नाहीतर शेतात उभं राहायचं. ट्रक गेला की तोंड पुसायचं आणि परत चढायचं. माझे पाय डोक्याला न विचारता हे करतात. इथे मात्र उतरून जायचं कुठे? गडग्याला फट नाही. मी पाय टेकवणार तेवढ्यात तू मागून ओरडलास.

"भावजी, उतरू नकात! चलयत रवा!"

"अरे, मागसून ट्रक येता रे!"

"माका दिसता. दुसऱ्या गियरात आसा तो. ताका घाई नाय. तुमी आपले पायडल मारा!"

मी मारले. कधीही हॉर्न वाजेल म्हणून वाट बघत होतो. वाजला नाही. नीलगिरीचे ओंडके भरलेला तो अजस्र ट्रक आपल्या दोन म्हाताऱ्यांच्या मागून पायी चालल्यासारखा येत राहिला. किती वेळ कोण जाणे, मला तरी मैलभर वाटलं. वर पोचल्यावर रस्ता रुंद आणि गडगे बसण्याएवढे ठेंगणे झाले, तेव्हा तो बाजूने गेला आणि ड्रायव्हरने हात वर केला. त्याच्या मागून नीलगिरीचा वास आला. मी इतका खूश झालो की त्याला दोन्ही हात दाखवले आणि पडता पडता वाचलो.

वळून बघतो तर तू सायकल गडग्याला टेकवून बसलेला. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय. जवळ आलो तर तू रडत होतास. आपल्या घरातली माणसं वारली तेव्हाही मी तुला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"इतक्या वर्सांत," तू म्हणालास, "एक पावट असो ट्रक चलवूक नाय मी. एकदा सुद्धा. खेपो वाढवच्यो, पुढच्याक हॉर्न मारून खाली घालूचो, ह्याच शिकलंय." मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसलंस. "भावजी, तुमका पाडललो तो ट्रक माझो होतो."

आता तो दिवस. शाळा सुटल्यावर मी घरी निघालो होतो आणि वळणावर मागून आलेल्या ट्रकने मला पार कडेला रेटलं. मी सायकलीसकट गटारात. डाव्या हाताचं मनगट मोडलं, ते बसलं तेही जरा वाकडंच. ट्रक थांबला नाही. दुसऱ्या दिवशी तू केळ्यांचा फणा घेऊन आलास आणि ओटीवर उभा राहून गरजलास, "कोण तो? नाव सांगा, तंगडां मोडतंय तेचां!" शोभा, तुझी आई, सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "धूळ कितकी होती. काय दिसूक नाय." सगळ्यांना पटलं. त्या रस्त्याला धुळीखेरीज दुसरं होतं काय? फळ्यावर लाल, पोरांच्या भुवयांवर लाल, भातावर लाल.

पण मला दिसलं होतं. मागच्या फळीवरचे दोन पोपट मला दिसले होते. ते रंगवून घेताना एकाची चोच चुकली म्हणून तू पेंटरशी भांडला होतास, तेव्हा मी तिथेच उभा होतो. शोभाचं माहेर तुटेल, या भीतीने मी गप्प बसलो. आणि तिथे त्या गडग्यावर, एवढ्या वर्षांनी, तू स्वतःहून कबूल करत असताना मी पुन्हा तेच म्हटलं.

"माका खंय दिसललां रे? धूळ कितकी होती त्या दिसा."

तू माझ्याकडे बघत राहिलास. "धूळ खंयची, भावजी? पाण्याचो टँकर माझ्या फुडेच गेललो. रस्तो ओलोच होतो."

खाणवाले धूळ बसवायला टँकरने रस्त्यावर पाणी मारत. त्या दिवशीही मारलं होतं. ओल्या रस्त्यावर मी धूळ दिसल्याचं सांगितलं होतं! माझे कपडे चिखलाने भरलेले होते, तरी घरातल्या एकालाही संशय आला नाही. तुला मात्र त्या ओटीवरच सगळं कळलं होतं.

"केळी घेऊन इल्लंय तो तुमचां तोंड बघूक," तू म्हणालास. "सांगतत की नाय म्हणान. तुमी धूळ म्हटलास आणि माझां तोंडच बंद झालां."

मी हसायला लागलो. मला आवरेना. मग तुलाही. दोन वयस्क माणसं परक्या मुलखात गडग्यावर बसून पोट धरून हसतायत, आणि एक बाई कुत्र्याला घेऊन जाता जाता आपल्याकडे बघून हसते आहे. तेव्हा मला समजलं की तीन वर्षं तू माझ्या मागे का राहिलास. मागून येणाऱ्या गाडीला आधी तू दिसावास, म्हणून. माझी सगळी ऐट त्या चढावर उतरली आणि तुझ्याविषयी मला जे वाटलं ते मी तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. मला तुझा फार आधार वाटला, सगुण. तेवढा सख्ख्या भावाचाही वाटला नसेल.

तीच वेळ होती दुसरं सांगायची. सांगायलाच हवं होतं.

मनगट बरं झाल्यावर वर्षभरात मी अर्ज लिहिला. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी गावातल्या रस्त्याने ट्रक नकोत, एवढीच मागणी. मी सरकारी मास्तर, माझी सही चालली नसती. म्हणून मी कच्चा लिहून दिला, दुसऱ्या कोणी सुवाच्य अक्षरात उतरवला, आणि गावातल्या पालकांनी घरोघर फिरून सह्या घेतल्या. सह्यांचा कागद मी पाहिलासुद्धा नाही. मुलांसाठी लिहिला हे खरं, मुलं तोंडाला रुमाल बांधून गटाराच्या काठाने यायची. पण लिहिताना माझं मनगट दुखत होतं, हेही खरं. त्यातली दोन वाक्यं मुलांसाठी नव्हती, तुझ्यासाठी होती. ती मला आजही पाठ आहेत, माणसाला गटारात पाडून न थांबता जाणाऱ्या ट्रकवाल्यांवरची.

बंदी आली. मोठ्या गाड्यांना दुसरा रस्ता होता, तुझ्यासारख्या एकेका ट्रकवाल्याच्या खेपा मात्र निम्म्यावर आल्या. गणपतीच्या चवथीला आपण जेवायला बसलो असताना तू मला विचारलंस, "भावजी, कोणी लिवल्यान ओ तो अर्ज? भाषा बाकी बरी आसा." मी भाताला हात घातला आणि म्हटलं, "पालकांनी." पुढच्या वर्षी तू ट्रक विकलास. त्यातली देवीची तसबीर तेवढी काढून घरी आणलीस. पुढे खाणीच बंद पडल्या, ट्रक असता तरी उभाच राहिला असता, असं मी मनाला सांगत आलो. पण ते पुढे. त्या वर्षी तो माझ्या अर्जाने गेला.

आपला वाद मात्र कधी मिटला नाही. "मास्तर लोकांका पगार येता, म्हणान तुमका धूळ दिसता," तू म्हणायचास. मी म्हणायचो, पोरांच्या छातीत जाते ती धूळ कुणाच्या पगाराची? मग शोभा दोघांनाही उठवायची. आणि मग तू शाळेच्या बसवर लागलास. ज्या वेळी ट्रकला बंदी होती त्याच वेळी, त्याच रस्त्याने, तीस पोरं घेऊन जाऊ लागलास. बाराव्याला ती पोरं आली होती. एकाने मला विचारलं, सगुणमामा गाडी इतकी हळू का चालवायचा? मला उत्तर माहीत होतं.

पहिल्या दिवशी साठ किलोमीटर ठरले होते, झाले एक्केचाळीस. संध्याकाळी लॉजवर तू पोटऱ्यांना खोबरेल चोळत बसला होतास. साडेआठ वाजून गेले तरी ऊन खिडकीत तसंच. "ह्या सूर्याक घर नाय काय?" म्हणून तू वैतागला होतास. मी हिय्या केला.

"सगुण, एक सांगूचां होतां."

"फाल्यां सांगा भावजी. आज पाय ऐकूक देनत नाय."

मी सुटलो. उद्या सांगू म्हटलं. पुढे नऊ दिवस होते, समुद्र होता, उतार होते, तू गात होतास, कशाला मोडता घालायचा? परत आलो. ट्रकचं आपण दोघांनी मिळून शोभाला सांगितलं. तिने दोन दिवस दोघांना न बोलता वाढलं आणि तिसऱ्या दिवशी सोलकढी करून विषय संपवला. अर्जाचं तेव्हाही राहिलं. दर रविवारी मी पुढे आणि तू मागे, आणि दर रविवारी मी ठरवायचो, मांद्रेच्या चहावर सांगू. चहा गोड लागायचा. मग सांगायचं राहायचं. आता रविवार कुठले?

बाराव्याच्या दुपारी पाहुणे गेल्यावर तुझी लता मागच्या पायरीवर एकटी बसली होती. माझ्याच्याने राहवेना. तुला नाही तर निदान तिला तरी, म्हणून मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या दोन वाक्यांसकट. वाटलं होतं, ती उठून आत जाईल. गेली असती तर माझी तक्रार नव्हती.

ती उठली नाही. मग म्हणाली, "मास्तरांनू, त्या अर्जार माझी सही आसा."

मी उकिडवा होतो तो खालीच बसलो.

"रोहित तिसरीत होतो तेव्हा. वळणार तो आणि शेजारचां चेडू हात धरून उभी रवत, ट्रक जाय सर. मी रोज दारातसून बघी. एक दिस ह्यांचोच ट्रक गेलो. ह्यांका पोर दिसूक पण नाय." तिने पदराने डोळे टिपले. "सह्येक इल्ले ते म्हणाक लागले, ट्रकवाल्याची बायल तू, तुझी नको. मी म्हटलंय, आणा हंय. नाव, आडनाव, सगळां लिवलंय. आणि मगे ह्यांका सांगूक धीर नाय झालो. ट्रक गेलो त्या दिसा तर जेवाण गेलां नाय माका."

म्हणजे वीस वर्षं, सगुण, तुझ्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ती, दोघं तोंड शिवून बसलो होतो. तिला माझं ठाऊक नाही, मला तिचं नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि लता रडता रडता हसली. तू गेल्यापासून ती हसली ते तेव्हा पहिल्यांदा. शोभा आतून धावत आली, काय झालं म्हणून.

"आता तेंका सांगतलो कोण?" लता म्हणाली. "अर्ज तुमी लिवलास, तर ह्या पण तुमीच लिवा. माझी सही घाला. आणि लिवा, माका पस्तावो नाय म्हणान. पोर वाचलो माझो."

काल रोहितचा फोन आला. मे महिन्यात सायकली ठरवू का, विचारत होता. गेल्या आठवड्यात मी नाही म्हटलं होतं. काल हो म्हटलं. लता म्हणते, तीही येणार, सायकल नाही चालवली तरी रोहितच्या गाडीतून मागे मागे येईन. शोभा म्हणते, मग मी घरी बसून काय करू? असे आम्ही सगळेच निघालो आहोत.

तर हे आम्हा दोघांचं, सगुण, लताच्या सहीनिशी. तिला पस्तावा नाही. मला आहे, त्या दोन वाक्यांचा. अर्जाचा नाही. पुन्हा वेळ आली तर अर्ज मी पुन्हा लिहीन, फक्त या वेळी आधी तुला वाचून दाखवीन.